सबस्क्राइबच्या बटणाखाली

यूट्यूबवर कुठलाही चॅनेल उघडा. त्याच्या माहितीच्या चौकटीत शेअरचं बटण असतं आणि त्यात चॅनेलचा आयडी कॉपी करण्याची सोय. तो कॉपी करा आणि कुठेतरी चिकटवा. चोवीस अक्षरांची माळ दिसेल, वाचायला गेलं तर जीभ अडखळेल अशी. पहिली दोन अक्षरं रोमन 'यू' आणि 'सी'. ती बदलत नाहीत. पुढच्या बावीस जागांवर मोठी-छोटी रोमन अक्षरं, आकडे, मध्येच एखादी रेघ. आता अगदी शेवटचं अक्षर पाहा. ते मोठं 'ए' असेल, मोठं 'क्यू' असेल, छोटं 'जी' असेल, नाहीतर छोटं 'डब्ल्यू'. दुसरा चॅनेल घ्या, दहावा घ्या. कीर्तनाचा, शेअर बाजाराचा, मिसळीच्या रेसिपीचा, कसलाही. शेवटी या चारांतलंच एक.

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी एकामागून एक चॅनेल उघडून खात्री करत बसलो. चकवणारा एकही मिळाला नाही आणि मिळणारही नव्हता, कारण हा सगळा हिशेब शाळेतल्या गणिताचा आहे. मोठी अक्षरं २६, छोटी २६, आकडे १०, एक आडवी रेघ आणि एक खालची रेघ: एकूण ६४ चिन्हं. चौसष्टांतलं एक निवडायचं तर सहा वेळा 'हो की नाही' सांगावं लागतं, म्हणजे प्रत्येक चिन्ह सहा बिट वाहून नेतं. एकवीस चिन्हांत १२६ बिट मावले. पत्ता आहे १२८ बिटांचा. उरले दोनच बिट, आणि दोन बिटांतून चारच पर्याय निघतात. म्हणून शेवटच्या जागेवर चारच अक्षरं. व्हिडिओचा पत्ता अकरा चिन्हांचा आणि ६४ बिटांचा असतो; तिथे शेवटच्या जागी सोळा चिन्हं येऊ शकतात. हवं तर तपासून पाहा.

१२८ बिटांत किती पत्ते बसतात? ३९ अंकी संख्येइतके. माणसाला चॅनेल काढायची कितीही हौस असली तरी एवढे लागणार नाहीत. पण एवढ्या प्रचंड मोकळ्या जागेचा एक फायदा असतो. पुढचा क्रमांक कोणता, हे ठरवणारा कारकून एका जागी बसवावा लागत नाही. जगातल्या कुठल्याही सर्व्हरने कुणालाही न विचारता या मैदानातून एखादी संख्या उचलली, तरी ती आधीच कुणाला दिलेली असण्याची भीती व्यवहारात उरत नाही.

आपण 'सबस्क्राइब' दाबतो तेव्हा खरं तर या चोवीस अक्षरांशी बांधले जातो. चॅनेलच्या नावाशी नाही, चित्राशी नाही, आत बोलणाऱ्या माणसाशी तर नाहीच. यूट्यूबने प्रोग्रामरांसाठी खुल्या ठेवलेल्या दारातून पाहिलं तर सबस्क्रिप्शन म्हणजे एक छोटीशी नोंद दिसते: कुणी केलं, कोणत्या आयडीला केलं, आणि कोणत्या क्षणी केलं. ही नोंद दोन्ही टोकांकडून वाचता येते. मी कुणाकुणाला सबस्क्राइब केलंय ही माझी यादी, आणि मला कुणी केलंय ही चॅनेलवाल्याची. मात्र आपण सेटिंग्जमध्ये आपली सबस्क्रिप्शनं खाजगी ठेवली असतील, तर चॅनेलवाल्याला त्याच्या यादीत आपलं नाव दिसत नाही. त्याला फक्त आकडा एकाने वाढलेला दिसतो, इतकंच. आणि आपण सोडून गेलो तर कोण गेलं याची सूचना त्याला जात नाही, आकडा तेवढा एकाने उतरतो. लोकांना अनसबस्क्राइब करताना जो संकोच वाटतो, तो मला म्हणूनच गमतीचा वाटतो.

नाव बदललं तरी आयडी बदलत नाही, याची एक बाजू काळजीची आहे. २० सप्टेंबर २०२४ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचा यूट्यूब चॅनेल हॅक झाला. घटनापीठासमोरच्या सुनावण्या जिथे थेट दाखवल्या जात, तिथे एका क्रिप्टो चलनाचा प्रचार करणारे व्हिडिओ दिसू लागले. ज्यांनी न्यायालयाला सबस्क्राइब केलं होतं, त्यांची नोंद जागच्या जागी होती. तिच्या पलीकडच्या टोकाला तेवढ्यापुरता दुसराच कुणीतरी बसला होता. चोरांना नेमकं हेच हवं असतं. नवा चॅनेल काढून लाखो माणसं जमवायला वर्षं जातात. जमलेली माणसं असलेला चॅनेल पळवला तर ती आयती मिळतात. म्हणून आपल्या यादीत कधीच न पाहिलेलं एखादं नाव दिसलं, तर 'हे मी कधी केलं?' म्हणून स्वतःवर संशय घेण्याआधी चॅनेलचे जुने व्हिडिओ पाहावेत. कुणीतरी पाटी बदललेली असू शकते.

आता खरी नवलाची गोष्ट. टी-सीरिजचे सबस्क्रायबर २५ कोटींहून अधिक आहेत. तिथे एक नवं गाणं चढलं की ते या सगळ्यांच्या सबस्क्रिप्शनच्या पानावर दिसायला हवं. कसं?

दोन रस्ते आहेत. पहिला दुधाच्या रतिबाचा: व्हिडिओ आला की प्रत्येक सबस्क्रायबरच्या दारात, म्हणजे त्याच्या पानाच्या तयार यादीत, एक ओळ टाकून यायची. दार उघडलं की पिशवी हजर, वाट पाहणं नाही. पण एका गाण्यासाठी २५ कोटी दारं हिंडायची, आणि त्यातली कित्येक घरं वर्षानुवर्षं बंद. दुसरा रस्ता स्वतः डेअरीवर जाण्याचा: आपण पान उघडलं की त्या क्षणी आपल्या तीनशे चॅनेलांना एकेक करून विचारायचं, 'काही नवं?' इथे बंद घरांवर श्रम वाया जात नाहीत. पण आपल्याला मात्र पान उघडेपर्यंत ताटकळावं लागतं.

२०१० मध्ये याहूच्या संशोधकांनी, त्यांत रघू रामकृष्णनही होते, या पेचावर एक शोधनिबंध लिहिला. त्यातला निष्कर्ष मला आजही सुंदर वाटतो. सगळ्यांसाठी एकच रस्ता निवडायची गरज नाही. प्रत्येक जोडीचा, म्हणजे एक बघणारा आणि एक टाकणारा यांचा, वेगळा निर्णय घेता येतो. टाकणारा महिन्यातून एकदा काहीतरी टाकतो आणि बघणारा दिवसातून दहादा डोकावतो, तर घरपोच परवडतं. टाकणारा दिवसाला पन्नास गोष्टी टाकतो आणि बघणारा दिवाळीला एकदा येतो, तर तो आल्यावर विचारून आणलेलं बरं. आणि असे कोट्यवधी छोटे, एकमेकांना न विचारता घेतलेले निर्णय एकत्र केले की एकूण खर्चही कमीत कमी होतो. गणितात असं सहसा होत नसतं. प्रत्येकाने आपापल्यापुरतं चांगलं केलं की सगळ्यांचं मिळून वाईट होतं, हा अनुभव रस्त्यावरच्या वाहतुकीत आपण रोज घेतो. ट्विटरच्या अभियंत्यांनीही अशाच मिश्र मार्गाची कहाणी पुढे जाहीरपणे सांगितली: सामान्य माणसाचं ट्वीट फॉलोअरांच्या याद्यांमध्ये आधीच लिहून ठेवायचं, आणि बड्या तारे-तारकांचं मात्र वाचणारा आल्यावर आयत्या वेळी मिसळायचं.

हे मिसळणंही वाटतं तितकं जड नसतं. समजा तीनशे चॅनेलांच्या तीनशे याद्या आल्या, प्रत्येकीत नवं वर आणि जुनं खाली. सगळं ओतून नव्याने लावायचं कारण नाही. प्रत्येक यादीचा फक्त वरचा व्हिडिओ पुढे आणायचा आणि त्यांच्या दोन-दोनच्या लढती लावायच्या. जो सगळ्यात ताजा तो जिंकतो, पानावर जातो, आणि त्याच्या यादीतला पुढचा त्याची जागा घेतो. आता सगळ्या लढती पुन्हा खेळायच्या नसतात. ज्या वाटेने तो विजेता वर आला, तेवढ्याच. तीनशे याद्यांसाठी त्या जास्तीत जास्त नऊ. संगणकशास्त्रात या रचनेला टूर्नामेंट ट्री म्हणतात. पहिली मांडणी झाली की नऊ तुलनांत एक व्हिडिओ, आणि पहिला पडदा भरायला सगळ्या मिळून काहीशे तुलना. आपल्या हातातला साधा फोनसुद्धा हे पापणी लवायच्या आत करतो.

फोन हे करू शकतो, हे वाक्य मी मुद्दाम लिहिलं. कारण यूट्यूबच्या पोटात एक जुनी पाइपलाइन अजून वाहते आहे आणि बहुतेकांना तिचा पत्ताच नाही. प्रत्येक चॅनेलचं एक साधं फीड असतं. एका ठरलेल्या वेबपत्त्याच्या शेवटी चॅनेलचा चोवीस अक्षरी आयडी जोडला की ब्राउझरमध्ये उघडा मजकूर येतो: चॅनेलचे अगदी ताजे पंधरा व्हिडिओ, त्यांची नावं, वेळा, दुवे. लॉगिन नाही, जाहिरात नाही, शिफारस नाही. आयडीच्या सुरुवातीचं 'यू-सी' बदलून 'यू-यू' केलं, तर त्या चॅनेलवर चढवलेल्या सगळ्या व्हिडिओंच्या प्लेलिस्टचा पत्ता मिळतो. एक अक्षर बदलायचं, बस्स.

फीडची ही कल्पना यूट्यूबच्या आधीची. मार्च १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीत रामनाथन गुहा आणि डॅन लिबी यांनी आरएसएस या फीडच्या साच्याचा पहिला आराखडा बांधला. गुहा आयआयटी मद्रासचे. डेव्ह वाइनर यांनी तो आराखडा पुढे नेला आणि अशा फीडांची यादी एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेण्यासाठी जो ओपीएमएल नावाचा साचा आजही वापरतात, तोही त्यांचाच. २००० च्या डिसेंबरात आलेल्या आरएसएसच्या एका आवृत्तीच्या लेखकांमध्ये अ‍ॅरन स्वॉर्ट्झ होता, वय वर्षं चौदा. वर्तमानपत्रं, नियतकालिकं, नंतर पॉडकास्ट, सगळे या साच्यातून वाहू लागले. मग २०१३ च्या १ जुलैला गूगलने फीड वाचण्यासाठीचा आपला लोकप्रिय गूगल रीडर बंद केला आणि 'आरएसएस मेलं' असं लोकांनी परस्पर जाहीर करून टाकलं. पॉडकास्टचं जग त्या मेलेल्यावरच आजही उभं आहे, आणि यूट्यूबचं फीडही आरएसएसच्या धाकट्या भावंडाच्या, अ‍ॅटमच्या, साच्यात रोज निमूटपणे निघतं.

एवढंच नाही, या पाइपलाइनला घंटाही आहे. दर पाच मिनिटांनी 'काही नवं?' विचारण्यापेक्षा एखाद्या प्रोग्रामने गूगलच्या एका हबकडे नाव नोंदवलं, की त्या चॅनेलवर व्हिडिओ येताच हबच त्याला हाक मारतो. २००९ मध्ये ही युक्ती गूगलमधल्या अभियंत्यांनी मांडली. २०१८ मध्ये वेबसब या नावाने ती जागतिक मानक झाली. नाव नोंदवताना हब आधी एक आडवातिडवा शब्द पाठवतो आणि तोच परत पाठवला तरच नोंदणी पक्की करतो. दुसऱ्याच्या नावावर कुणी परस्पर नोंदणी करू नये म्हणून. आणि ही नोंदणी मुदतीची असते. मुदत संपली की पुन्हा येऊन सांगावं लागतं, 'हो, अजून हवंय.' आपण बटण दाबून केलेल्या सबस्क्रिप्शनला अशी मुदत नसते. कॉलेजात असताना गिटार शिकायची म्हणून केलेली नोंद नातवंडं झाली तरी तशीच राहील.

इथेच मला या सगळ्या यंत्रणेबद्दल एक गोष्ट म्हणायची आहे. यूट्यूबवर आपण असंख्य गोष्टी करतो. बघतो, अर्धवट सोडतो, पुढे सरकवतो, रात्री दोनला नको ते उघडतो. त्या सगळ्यांतून यंत्र आपल्याबद्दल अंदाज बांधतं. सबस्क्रिप्शनची यादी मात्र अंदाजातून आलेली नाही. तिच्यातली प्रत्येक ओळ आपण आपल्या बोटाने, जाणूनबुजून लिहिलेली असते. आपली आवड आपल्या शब्दांत सांगायची तिथे हीच एक मोठी जागा.

आणि यंत्राचा कान आपल्या सांगण्यापेक्षा आपल्या करण्याकडे जास्त असतो. २०१६ मध्ये गूगलच्या पॉल कव्हिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यूट्यूबच्या शिफारशींमागच्या न्यूरल नेटवर्कवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात ते स्पष्टच लिहितात, की अंगठ्यासारख्या बटणांमधून लोक थेट मत देतात खरं, पण यंत्र शिकतं ते कुणी काय पाहिलं यावरून. कारण सरळ आहे: बटणं फार थोडे लोक दाबतात, बघतात मात्र सगळेच. लाखो व्हिडिओंतून आधी काहीशे निवडायचे, मग त्यांना क्रम लावायचा, आणि क्रम लावताना कोण किती वेळ खिळून राहील याचा अदमास घ्यायचा. २०१८ च्या जानेवारीत यूट्यूबचे तेव्हाचे प्रॉडक्ट प्रमुख, आताचे मुख्य कार्यकारी, नील मोहन यांनी सांगितलं होतं, की यूट्यूब पाहण्यात जाणाऱ्या एकूण वेळापैकी ७० टक्क्यांहून जास्त वेळ या शिफारशींमुळे पाहिलेल्या व्हिडिओंवर जातो.

सबस्क्राइबच्या शेजारी घंटा का बसवावी लागली, याचं उत्तरही इथेच सापडतं. नुसतं सबस्क्राइब केलं तर घंटा 'वैयक्तिकृत'वर असते. कोणत्या व्हिडिओची खबर द्यायची ते यंत्र आपल्या सवयींवरून ठरवतं. सगळ्या सूचना हव्या तर तसं वेगळं सांगावं लागतं. आणि 'सगळ्या' म्हणजेही सगळ्याच नाहीत: एका चॅनेलकडून चोवीस तासांत जास्तीत जास्त तीन.

नकाराचंही तसंच. मोझिला फाउंडेशनने २०२२ मध्ये वीस हजारांहून अधिक स्वयंसेवकांच्या मदतीने यूट्यूबची नकाराची बटणं तपासली. 'या चॅनेलची शिफारस नको' या बटणाने नकोशा शिफारशींपैकी ४३ टक्के रोखल्या. पाहिल्याच्या इतिहासातून व्हिडिओ काढून टाकल्याने २९ टक्के. उलट्या अंगठ्याने १२, आणि 'स्वारस्य नाही'ने ११. यूट्यूबने या अहवालाची पद्धत अमान्य केली, हेही सांगायला हवं. तरी माझ्यापुरता मी एक धडा घेतला आहे: कंटाळवाण्या चॅनेलवर चिडून उलटा अंगठा दाखवण्यात बळ वाया घालवायचं नाही. चॅनेल नको असेल तर चॅनेललाच नको म्हणायचं.

यादी आवरायला बसलं की मात्र यूट्यूबची कंजुषी खुपते. सगळ्या सबस्क्रिप्शनांचं पान आहे. ते अक्षरक्रमाने किंवा नव्या हालचालींप्रमाणे लावता येतं. पण गटवारी नाही. स्वयंपाक एका बाजूला, शेती दुसरीकडे, मुलीच्या एमपीएससीच्या तयारीचं तिसरीकडे, असं ठेवताच येत नाही. पूर्वी 'कलेक्शन्स' नावाची अशी सोय होती. २०१५ मध्ये ती काढून टाकली. भाडिपाचा नवा भाग, मधुराची रेसिपी आणि एका बातम्यांच्या चॅनेलचे दिवसाचे साठ तुकडे एकाच रांगेत उभे राहतात, आणि साठ तुकडेवाला साहजिकच बाकी दोघांना खाली ढकलतो.

यावर उतारा म्हणजे यादी बाहेर काढणं, आणि ते अवघड नाही. २००७ मध्ये गूगलच्या शिकागो कचेरीत ब्रायन फिट्झपॅट्रिक यांनी एक गट सुरू केला. त्याचं नाव होतं डेटा लिबरेशन फ्रंट, माँटी पायथनच्या एका विनोदी सिनेमातल्या क्रांतिकारक टोळक्याच्या धर्तीवर ठेवलेलं. काम असं की लोकांना आपली माहिती गूगलमधून उचलून दुसरीकडे नेता यावी. २०११ च्या जूनमध्ये त्यांनी गूगल टेकआउट आणलं. तिथे जाऊन सगळ्या खुणा काढायच्या, फक्त यूट्यूब ठेवायचं, त्यातलंही फक्त 'सबस्क्रिप्शन्स'. थोड्या वेळाने ईमेल येतो आणि फाइल उतरवता येते. दुवा साधारण आठवडाभर टिकतो.

ती फाइल उघडली की तीन रकाने: चॅनेलचा आयडी, त्याचा पत्ता, त्याचं नाव. संपलं. एवढ्या अगडबंब यंत्रणेशी आपलं नातं या एवढ्याशा फाइलमध्ये मावतं. शेकडो चॅनेल असले तरी तिचं वजन एका फोटोच्या पासंगालाही पुरत नाही. कधी सबस्क्राइब केलं ती तारीख मात्र त्यात नाही. यूट्यूबकडे ती असते, प्रोग्रामरांच्या दारातून दिसतेही, पण फाइलमध्ये आपल्याला देत नाहीत. ही चिक्कूगिरी मला कळलेली नाही. स्वतःच्या आवडीनिवडींचा इतिहास क्रमाने वाचायला कुणाला आवडणार नाही?

ही फाइल न्यूपाइप किंवा फ्रीट्यूबसारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ओतता येते. तिथे यादी आपल्याच फोनवर किंवा संगणकावर राहते, खातं लागत नाही, आणि वर सांगितलेलं डेअरीवर जाणं तो प्रोग्राम आपल्या वतीने करतो: शेकडो चॅनेलांच्या फीडांना विचारून सगळं काळाच्या क्रमाने मांडतो. तिथे गटही पाडता येतात. फक्त लक्षात ठेवा, फीडमध्ये पंधराच व्हिडिओ असतात. दिवसाला साठ तुकडे टाकणाऱ्या चॅनेलचे मधले तुकडे या जाळ्यातून निसटतात. मला विचाराल तर तो तोटा नाही.

आणि मूळ खात्यातली जुनी यादी एका फटक्यात साफ करायची असेल, तर थोडी प्रोग्रामिंगची ओळख हवी. यूट्यूबच्या त्या खुल्या दारात प्रत्येक कामाला किंमत लावलेली आहे. रोजचा कोटा १०,००० एककांचा. यादी नुसती वाचायला एका पानामागे एक एकक लागतं. पण नवं सबस्क्रिप्शन जोडायला किंवा जुनं काढायला प्रत्येकी पन्नास. वाचण्यापेक्षा लिहिणं पन्नासपट महाग, बहुधा म्हणून, की एक ओळ पुसली की ती दोन्ही टोकांकडच्या याद्यांतून जायला हवी, मोजणीतून वजा व्हायला हवी, पानावरून हटायला हवी. या भावाने दिवसाला दोनशे चॅनेल निघतात. तीनशे काढायचे असतील तर उरलेल्या शंभरांसाठी कोटा पुन्हा भरायची वाट पाहायची. तो कॅलिफोर्नियाच्या मध्यरात्री भरतो; आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात दुपारचे साडेबारा वाजलेले असतात, हिवाळ्यात दीड.